डबल कॅब पिकअपच्या मागच्या सीटची पाठ पडत नाही: खटका, तार, पट्टा आणि कव्हर

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरमधली डबल कॅब पिकअप, सातेक वर्षं जुनी, रोज पीथमपूरकडच्या साइटवर माणसं आणि हत्यारं घेऊन जाते. मागच्या सीटची पाठ पुढे पाडायला वरच्या कडेला दोन पट्टे आहेत. उजवा ओढला की टक् असा आवाज येतो. डावा मात्र चार बोटं बाहेर येतो आणि तसाच लोंबकळत राहतो. पाठ एकसंध असल्यामुळे एक बाजू अडली की सगळंच अडलं. जॅक आणि त्याचा दांडा पाठीमागे कोंडलेत. वर्कशॉपने सांगितलंय की लॉक, म्हणजे पाठ धरून ठेवणारा खटका, सुटं मिळत नाही, पाठीची पूर्ण असेंब्ली घ्या. हे घरी होईल का?

होईल. असेंब्ली मागवू नका, निदान पाठ उघडून आत बघेपर्यंत तरी नाही. तुम्ही सांगितलेल्या लक्षणावरून लॉक बिघडलेलं वाटतच नाही.

पट्टा ओढताना हाताला काय लागतं, यावर अर्धं निदान होतं. पट्टा ताठ लागला, सेंटिमीटरभर आला आणि थांबला, तर पट्ट्यापासून खटक्यापर्यंत जाणारी तार शाबूत आहे; खटका जाम आहे किंवा त्याच्यावर दाब आहे. पट्टा नीट आला, टक् वाजलं, सोडल्यावर आपोआप आत गेला आणि तरी पाठ हलली नाही, तर खटका सुटलाय पण पाठ दुसरीकडे कुठेतरी अडकलीय: दुसऱ्या बाजूचा खटका, सीट कव्हर किंवा खटका जिला पकडतो ती, वाकडी झालेली कडी. आणि पट्टा काहीच विरोध न करता बाहेर आला, परत आत गेलाच नाही, तर तुमची ओढ खटक्यापर्यंत पोचतच नाही. तुमचा प्रकार हा तिसरा. पट्ट्याची शिवण उसवली असेल, तारेचं टोक निघालं असेल किंवा तारेची बाहेरची नळी तिच्या खाचेतून सुटली असेल. यातली शेवटची शक्यता सगळ्यात जास्त, कारण ती नळी धरून ठेवणारी क्लिप प्लास्टिकची असते.

आतली रचना अवघड नाही. केबिनच्या मागच्या पत्र्याला इंग्रजी यू आकाराची, जाड सळईची एक कडी बोल्टने बसवलेली असते. पाठीच्या चौकटीत खटका असतो, त्यात दोन मुख्य तुकडे: कडीला कवेत घेणारा आकडा आणि तो आकडा मागे फिरू नये म्हणून त्याच्या दाताला टेकलेला अडसर. वाड्याच्या दाराला आतून अडसर लावतात तेच काम. पट्टा ओढला की अडसर बाजूला होतो, आकडा स्प्रिंगने फिरतो आणि कडी मोकळी होते. काही गाड्यांत पट्टा थेट अडसराच्या दांडीला बोल्टने जोडलेला असतो, काहींत पट्टा किंवा प्लास्टिकची मूठ एक छोटी तार ओढते. काही गाड्यांत तर पाठ पडतच नाही, बैठक वर उचलली जाते. तिथेही खटका-कडी याच जातीची, फक्त जागा खाली.

आता पाठीमागे ताडपत्री, दोर, रेनकोट, जुने हेल्मेट कोंबून भरलेले असले की ते सामान पाठीला सतत पुढे ढकलतं. कडी आकड्याला ओढून धरते, आकडा अडसरावर रेलतो, आणि जो अडसर दोन बोटांनी हलायला हवा तो हलवायला अख्खा हात लागतो. मग माणूस पट्ट्याला हिसका देतो. महिनोन्‌महिने असे हिसके बसले की साखळीतला सगळ्यात कमकुवत दुवा तुटतो, आणि आपण म्हणतो पट्टा गेला. म्हणून नवा पट्टा किंवा नवी तार टाकण्याआधी पाठीमागचा पसारा कमी करायचा. नाहीतर सहा महिन्यांत पुन्हा हेच.

आधी पाठ उघडायची कशी

दोन माणसं लागतात, तीन असली तर बरं. हेडरेस्ट काढून ठेवा. एकाने बैठकीवर गुडघा टेकून पाठीचा वरचा डावा कोपरा, खटक्याच्या अगदी वर, तळहाताने मागे दाबून धरायचा. धक्के मारायचे नाहीत, एकसारखा दाब द्यायचा. त्या दाबाने अडसरावरचा भार उतरतो. ताठ पट्ट्याच्या बाबतीत अर्ध्या वेळा गाडी इथेच मोकळी होते आणि पुढचं काही करावंच लागत नाही.

तुमचा पट्टा सैल आहे, म्हणून पुढे जाऊ. पट्टा ज्या फटीतून बाहेर येतो तिच्याभोवती प्लास्टिकची चौकट असते. ती स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका, कोपरा तुटतो आणि कापडावर वळ उठतो. जुन्या टूथब्रशचा दांडा किंवा बाद झालेलं एटीएम कार्ड चालतं. चौकटीचे कान चारही बाजूंना असतात. एक कड सुटली की बाकीच्या हळूहळू सुटतात. उन्हात तापलेली गाडी असेल तर प्लास्टिक मऊ असतं आणि कान सहसा तुटत नाहीत. थंडीत सकाळी आठला हा उद्योग करू नका.

आधी उजव्या बाजूची चौकट काढा. हो, चालू असलेल्या बाजूची. डावा खटका हा उजव्याचा आरशातला प्रतिबिंब आहे, त्यामुळे उजवीकडे पट्टा ओढल्यावर कोणती दांडी, कोणत्या दिशेला, किती मिलिमीटर हलते हे टॉर्च लावून मोबाइलवर व्हिडिओ काढून बघा. दांडी किती सरकते ते पट्टीने मोजून लिहून ठेवा. हे माप पुढे तार बसवताना लागणार आहे. यानंतर डावीकडे अंधारात चाचपडावं लागत नाही, डावी-उजवी उलटी केली की झालं.

डावी चौकट काढल्यावर तारेचं टोक दिसलं तर ते लांब तोंडाच्या पक्कडीने धरून सरळ ओढा. नळी खाचेतून सुटलेली असेल तर तारेसोबत नळीही मागे येईल आणि खटका हलणार नाही. अशा वेळी एका हाताने नळी जागेवर घट्ट दाबायची आणि दुसऱ्या हाताने तार ओढायची. पाठीवरचा दाब सोडायचा नाही.

टोक दिसत नसेल तर सायकलचा जुना स्पोक घ्या, साधारण २ मिमी जाडीचा. टोकाचे ६ मिमी काटकोनात वाकवा. दुसऱ्या टोकाला दोरा बांधा, कारण हा स्पोक हातातून सुटून पाठीच्या पोटात पडला तर शोधायला अख्खी सीट उघडावी लागते. मधल्या भागाला इन्सुलेशन टेप गुंडाळा म्हणजे काचेला आणि पत्र्याला ओरखडे येत नाहीत. पाठ आणि मागचा पत्रा यांच्यामधल्या फटीतून किंवा पट्ट्याच्या भोकातून स्पोक घालून, व्हिडिओत पाहिलेली दांडी त्याच दिशेला ओढायची.

अजून एक अडचण येते. दोन्ही खटके एकाच वेळी मोकळे व्हायला हवेत. उजवा सोडून डाव्याकडे वळलात की पाठ मागे जाते आणि उजवा पुन्हा बसतो. म्हणून उजवा पट्टा ओढून त्या कोपऱ्यात पाठ किंचित पुढे घ्या आणि फटीत लाकडाची चपटी पट्टी सरकवा. बोटभर जाडी पुरे. जाड ठोकळा घालून पाठ पिळू नका, चौकट वाकली तर पुढे खटका आणि कडी कधीच नीट जुळत नाहीत.

हेही जमलं नाही तर खालून जायचं. बैठक काढा (पुढे हुक आणि मागे दोन बोल्ट, किंवा नुसते बोल्ट, गाडीप्रमाणे), मग पाठीच्या तळाचे बिजागरीचे बोल्ट दिसतात. जपानी घराण्याच्या गाड्यांत एम ८ बोल्टला १२ चा पाना लागतो आणि एम १० ला १४ चा. इतर गाड्यांत एम ८ ला १३ चा आणि एम १० ला १६ किंवा १७ चा. चुकीच्या पान्याने डोकं गोल झालं की एक तासाचं काम एका दिवसाचं होतं. बेल्टच्या बकलचे बोल्टही तिथेच असतात, अनेकदा ताऱ्याच्या आकाराच्या टी ५० बिटचे. कुठला बोल्ट कुठून निघाला हे फोटो काढून ठेवा, लांबी वेगळी असते. सीटखाली पिवळ्या रंगाचा कनेक्टर दिसला तर तो एअरबॅग किंवा बेल्ट ताणणाऱ्या यंत्रणेचा असतो. त्याला हात लावण्याआधी इग्निशन बंद, बॅटरीची ऋण तार काढलेली आणि निदान पाच मिनिटं गेलेली हवीत.

तळ मोकळा झाल्यावर पाठ खालून पुढे ओढता येते आणि मागून हात वर घालता येतो. किंवा पाठीच्या कव्हरच्या खालच्या कडेला शिवलेली जे आकाराची प्लास्टिकची पट्टी चौकटीतून सोडवून कापड आणि फोम वर गुंडाळत न्यायचा. फोम फाटू देऊ नका, सावकाश सोलायचा.

ग्राइंडर, गॅस कटर यांचा केबिनमध्ये काही संबंध नाही. सीटचा फोम पॉलियुरेथेनचा असतो, ठिणगीने पेटतो आणि धूर विषारी असतो. मागच्या हौद्यातून पत्र्याला भोक पाडून खटका गाठायची आयडियाही कुणीतरी देईलच. त्या भोकातून पुढचे सगळे पावसाळे आत येतात.

उघडल्यावर काय सापडतं

नळीची क्लिप तुटलेली असेल तर तारेला काही झालेलं नसतं. क्लिप सुटी मिळाली तर उत्तमच. नाही मिळाली तर नळीचं धातूचं टोक खाचेत बसवून दोन्ही बाजूंनी वॉशर आणि मागून ई आकाराची सर्क्लिप (खोबणीत अडकणारी चपटी क्लिप) लावा. सर्क्लिपसाठी टोकावर खोबण नसेल तर बारीक बाइंडिंग वायरचे चार-पाच घट्ट वेढे द्या आणि वर दोन भागांचा इपॉक्सी लावा. इपॉक्सी तारेवर किंवा नळीच्या तोंडात जाता कामा नये. तोंडाला आधी थोडं ग्रीस लावून ठेवलं की तो आत शिरत नाही. रात्रभर सुकू द्या. नुसता झिप टाय लावून मोकळं होऊ नका. बंद केबिनमध्ये एप्रिल-मेचं इंदूरचं ऊन खाऊन तो ताणला जातो आणि पुढच्या वर्षी कडकून तुटतो.

तार तुटलेली किंवा झिजून फुलासारखी पसरलेली असेल तर नवी करावी लागते. इथे बहुतेक मिस्त्री चुकतात, म्हणून थोडं थांबतो. तारेची एकूण लांबी महत्त्वाची नसते. महत्त्वाची असते ती आतली तार आणि बाहेरची नळी यांच्या लांबीतली तफावत. समजा जुनी नळी टोकापासून टोकापर्यंत ४१० मिमी आहे आणि तार निपलपासून (टोकावरचा धातूचा मणी) निपलपर्यंत ४७८ मिमी. तफावत ६८. बाजारात नळी ४३० ची मिळाली तर तार ४९८ ची हवी. ही तफावत वाढली तर तार सैल राहते, पट्टा पूर्ण ओढूनही अडसर बाजूला होत नाही. कमी झाली तर तार कायम ताणलेली राहते आणि अडसर दातावर पूर्ण टेकत नाही. पहिली चूक लगेच कळते, दुसरी कळत नाही: पाठ बंद झाल्यासारखी दिसते, आवाजही येतो, आणि जोरात ब्रेक लागला की सुटते. बसवून झाल्यावर निपलपाशी १ ते २ मिमी ढील हाताला लागलीच पाहिजे.

सायकलच्या ब्रेकची आतली तार साधारण १.५ ते १.६ मिमी असते, गिअरची १.१ ते १.२. जुन्या तारेची जाडी व्हर्निअरने मोजा आणि तेवढीच घ्या. ब्रेकची तार बहुतेक वेळा चालून जाते. नळी ब्रेकचीच घ्या, आतून नायलॉनचा अस्तर असलेली. सियागंजच्या हार्डवेअरच्या गल्लीत किंवा कुठल्याही सायकलच्या दुकानात हे मिळतं. नळी कापल्यावर टोक कानशीने सपाट करा आणि आतल्या अस्तराचं भोक सुईने पुन्हा उघडा. चेपलेलं तोंड हे नवी तार पहिल्याच आठवड्यात जड होण्याचं नेहमीचं कारण. वळण ५०-६० मिमी त्रिज्येपेक्षा तीव्र ठेवू नका. जुनी तार जशी वळली होती तशीच वळवा आणि फोम बसवताना ती चौकटीच्या कडेखाली चिरडत नाही ना ते बघा.

तारेच्या एका टोकाला कारखान्याचं निपल असतं, दुसऱ्याला आपल्याला करावं लागतं. स्क्रूचं निपल सोपं, पण गाडीच्या हादऱ्यांनी स्क्रू ढिला होतो. लावायचंच असेल तर स्क्रूवर थ्रेड लॉकचा थेंब टाका आणि निपलपुढे तार १० मिमी शिल्लक ठेवा. डागलेलं निपल जास्त भरवशाचं. पितळी निपलातून तार घाला, टोकाचे धागे २-३ मिमी उलगडून फुलवा म्हणजे तार निपलातून मागे ओढली जात नाही, टर्पेंटाइनने तेल पुसून काढा, ॲसिड फ्लक्स किंवा नवसागर लावा आणि ६०/४० कथील पूर्ण आत मुरेपर्यंत तापवा. नुसतं वर गोळा होऊन बसलेलं कथील ओढीला टिकत नाही. तार जस्ताचा मुलामा असलेली घ्या. स्टेनलेसवर साध्या रोझिनच्या फ्लक्सने कथील धरतच नाही. शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवून कोरडं करा, नाहीतर उरलेलं आम्ल त्याच जागी तार खातं. बसवण्याआधी एक टोक शिकंज्यात धरून दोन्ही हातांनी जोरदार ओढून बघा. निघायचं असेल तर इथेच निघू दे.

तुमच्या गाडीत पट्टा थेट दांडीला जोडलेला निघाला तर हे सगळं वाचतं, काम फक्त शिवणीचं. पट्टा २५ मिमी रुंद, नायलॉन किंवा पॉलिएस्टरचा घ्या. पॉलिप्रॉपिलीनचा स्वस्त पट्टा घासून लवकर केसाळतो. बोल्टचं भोक कात्रीने पाडू नका. एक जाड खिळा पक्कडीत धरून गॅसवर लाल करा आणि दुहेरी घडीतून सरळ आरपार घाला. कडा वितळून गोठतात, भोवती काळपट कडक कडं तयार होतं आणि धागे उसवत नाहीत. शिवण शाळेची दप्तरं शिवणाऱ्याकडून चौकोन आणि आत फुली अशी मारून घ्या, नायलॉनच्या दोऱ्याने. सुती दोरा उन्हाने आणि घामाने दोन वर्षांत कुजतो. बोल्टखाली मोठा वॉशर टाका, नाहीतर बोल्टचं डोकं पट्ट्यातून आरपार निघतं.

खटका स्वतः

पाठ उघडलीच आहे तर दोन्ही खटके बघून घ्या. माळव्याची काळी माती फार बारीक असते. सुकून उडालेली ती धूळ जुन्या ग्रीसमध्ये मिसळली की मेणासारखा काळा थर बनतो आणि अडसराची स्प्रिंग त्याला हलवू शकत नाही. खटका दोन किंवा तीन बोल्टवर असतो, काढून बाहेर घ्या. टर्पेंटाइन आणि टूथब्रशने धुवा, वाळवा. ब्रेक क्लीनरचा फवारा सीटवर बसूनच मारू नका, कापडावर डाग राहतो आणि काही प्लास्टिकं तडकतात. धुतल्यावर पांढरं लिथियम ग्रीस, प्रत्येक फिरत्या सांध्याला आणि अडसर जिथे दातावर सरकतो तिथे तांदळाच्या दाण्याएवढं. जास्त लावलं तर जास्त माती धरेल. इंजिन ऑइल नको. गंज सोडवणारा स्प्रे जाम सोडवायला ठीक आहे, पण तो वंगण म्हणून टिकत नाही. तो मारल्यावर धुवून ग्रीस लावायलाच हवं. नायलॉनच्या अस्तराची तार कोरडीच ठेवा.

मग खटका हातात धरून स्क्रूड्रायव्हरची दांडी कडी समजून आकड्यात दाबा. टक् बसला पाहिजे, दांडी जोर लावून ओढली तरी सुटता कामा नये, आणि अडसराची दांडी बोटाने हलवली की लगेच उघडला पाहिजे. वीस वेळा करा. विसाव्यांदा जसा पहिल्यांदा तसाच. एक सूचना: हा प्रयोग झाल्यावर आकडा उघडा ठेवूनच खटका बसवा. बंद आकड्याने पाठ लावायला गेलात तर कडी त्याच्यावर आपटते, आणि लोक समजतात की काहीतरी चुकीचं बसलं.

आकड्याचा किंवा अडसराचा दात गोल झालेला असेल, स्प्रिंग तुटलेली असेल किंवा मुख्य रिव्हेट हाताने डुगडुगत असेल तर खटका बदलायचा. रिव्हेट हातोडीने ठोकून घट्ट करणं, दातावर वेल्डिंगचा थेंब टाकून कानशीने आकार देणं, हे दोन्ही करू नका. माझं मत इथे पक्कं आहे. सोडणारा भाग, म्हणजे पट्टा, तार, क्लिप, हा जुगाडाने चालवा, तारेची ढील बरोबर ठेवली असेल तर तो बिघडून फार तर सीट उघडणार नाही. धरणारा भाग, म्हणजे आकडा, अडसर, कडी आणि त्यांचे बोल्ट, यात जुगाड नाही. पाठीमागे २० किलोचं सामान आहे आणि धडकेत गाडी गुरुत्वाकर्षणाच्या २० पट वेगाने मंदावली, तर ते सामान पाठीवर ४०० किलोच्या वजनाइतकं रेटा देतं. त्या पाठीला टेकून बसलेल्यांच्या मणक्यात आणि त्या रेट्यात तेवढे दोन खटकेच असतात. काही गाड्यांत मधल्या प्रवाशाचा बेल्टही पाठीलाच जोडलेला असतो, तिथे तर हे खटके बेल्टचाच भाग धरा.

खटका सुटा मिळत नाही हे वर्कशॉपचं म्हणणं पुन्हा एकदा तपासा. काउंटरवर नुसतं सीटचं लॉक मागू नका. चॅसिस नंबर द्या, मागच्या सीटचं पार्ट्स कॅटलॉगमधलं चित्र स्क्रीनवर दाखवायला सांगा आणि चित्रातल्या खटक्यावरच्या क्रमांकावर बोट ठेवा. डावा आणि उजवा वेगळा क्रमांक असतो. भंगारातल्या गाडीतून घेत असाल तर ती गाडी मागून किंवा पुढून ठोकलेली नव्हती याची खात्री करा. धडकेचा भार एकदा घेतलेला खटका बाहेरून साजरा दिसतो.

पत्र्यावरच्या कडीभोवती गंजाचे ओघळ दिसले तर पाणी वरून येतंय. मागच्या काचेचा रबर किंवा वरच्या ब्रेक लाइटची गॅस्केट, बहुतेक वेळा याच दोन जागा. एकाने टॉर्च घेऊन आत बसायचं, दुसऱ्याने बाहेरून पाइपने हळू पाणी सोडायचं, खालून सुरुवात करून वर जायचं, प्रत्येक जागी पाचेक मिनिटं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि गळती नेमकी कुठली ते कळत नाही. ही गळती राहिली तर नवा खटका दोन पावसाळ्यांत जुना होईल.

परत जोडताना

पाठ लावण्याआधी बेल्टची बकलं पुढे काढून घ्या. ती मागे राहिली हे कळतं सगळे बोल्ट आवळून झाल्यावर. एम ८ च्या ८.८ दर्जाच्या बोल्टला साधारण २५ न्यूटन-मीटर, एम १० ला ४५ ते ५० हा सर्वसाधारण आकडा. बेल्टच्या बोल्टला मात्र गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलाच आकडा वापरा. टॉर्क पाना नसेल तर टायरवाल्याकडून तासाभरासाठी मागून आणा. सगळे बोल्ट आधी हाताने चार-पाच आटे फिरवून घ्या, मग आवळा.

पाठ मागे ढकलल्यावर डावी-उजवी टक् वेगवेगळी ऐकू आली पाहिजे. दोन्ही कोपऱ्यांतली फट सारखी आहे का बघा. मग वरची कड दोन्ही हातांनी धरून पाय रोवून पुढे ओढा, आधी डावीकडे, मग उजवीकडे. एक बाजू कष्टाने बसत असेल तर कडीच्या बोल्टची भोकं लांबट असतात तिथे थोडी जागा मिळते: जुनी जागा मार्करने आखून घ्या, बोल्ट ढिले करा, एका वेळी १ मिमी सरकवा. बसते पण खडखडते अशी तक्रार असेल तर कडीवर हीट श्रिंक नळीचा (तापवल्यावर आकसून बसणारी प्लास्टिकची नळी) एक पातळ थर पुरतो. अर्धा मिलिमीटरपेक्षा जाड काही गुंडाळलं की आकडा पूर्ण मिटत नाही, आणि रबराच्या ट्यूबचे तुकडे गुंडाळायची सवय इथेच नडते.

दुरुस्ती होईपर्यंत मागे माणसं न्यायची असतील तर पाठ दोन्ही खटक्यांत बंद ठेवा आणि ती एकदा उघडता आली असेल तर आधी जॅक, पाना बाहेर काढून हौद्यात कुलपात ठेवा. दोरीने बांधलेल्या पाठीला टेकून कुणी बसायचं नाही.

शेवटी कव्हर. बाहेरून शिवून घेतलेली रेक्झिनची कव्हरं हे सीट न पडण्याचं मोठं कारण आहे आणि ते कुणी तपासत नाही. कव्हर ताणून बसवायला आतून ज्या नाड्या किंवा इलॅस्टिक बांधतात त्या तारेवरून किंवा खटक्याच्या दांडीवरून जातात. पट्ट्याची फट तर बऱ्याचदा शिवणीखाली जाते आणि पट्टा वाकड्या कोनात ओढला जातो, म्हणजे दर वेळी एकाच कडेवर घासतो. तुमचा पट्टा काढलात की त्याची एक कड दुसरीपेक्षा जास्त केसाळलेली आहे का बघा. असेल तर दोष कव्हरचा. कव्हरवाल्याकडे गाडी नेऊन फट दोन्ही बाजूंना १५ मिमी वाढवून घ्या, कडेला पायपिंग मारून घ्या, आणि नाड्या चौकटीच्या खालच्या आडव्या नळीला बांधायला सांगा. बांधताना तिथेच उभे राहा, आणि त्याने शेवटची गाठ मारल्यावर दोन्ही पट्टे ओढून पाठ एकदा पूर्ण पाडून दाखवायला लावा.